चंद्राचा गोपनीय अहवाल

सूड ही माणसाच्या ठायी असलेली एकमेव टिकाऊ भावना आहे. प्रेम विटतं, भक्तीची सवय होते, दुःख वर्षश्राद्धापर्यंत कसंबसं तग धरतं. सूड तेवढा बरणीतल्या लोणच्यासारखा मुरत जातो आणि वर्षागणिक खुलतो. हे मी एकोणीसशे पंचाण्णवच्या फेब्रुवारीत एका वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आणि खाली सही केली. दुसऱ्या दिवशी वही उघडली तर सहीच्या खाली शरयूनं, म्हणजे माझ्या बायकोनं, 'साबुदाणा अर्धा किलो, शेंगदाणे पाव, वातींचा कापूस' असं लिहून ठेवलं होतं. वही किराण्याची होती. ती म्हणाली, "मला वाटलं, कुठला तरी सुविचार उतरवून घेतलात. म्हटलं, उरलेलं पान का वाया घालवा."

त्या वहीपर्यंत मला आणलं ते वानरांनी. साताऱ्यात आम्ही सुभेदार तानाजींच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. अजिंक्यताऱ्यावरची वानरं मनात येईल तेव्हा खाली उतरत आणि टीव्हीचा ॲंटेना फिरवून जात. मग सातच्या बातम्यांआधी मी गच्चीवर जाऊन तो पुन्हा पुण्याकडे वळवायचा आणि खालून शरयूनं 'मुंग्या आल्या, गेल्या, परत आल्या' असं ओरडून सांगायचं, हा आमच्या संसारातला सर्वांत सुसूत्र संवाद होता. त्या दिवशी ॲंटेना वळवून झाला तेव्हा नळीच्या टोकावर बरोब्बर चंद्र बसला होता. कुणी मुद्दाम ठेवल्यासारखा. दुसऱ्या दिवशी पुन्हा वानरं आली, पुन्हा सात वाजले, पुन्हा मी त्याच जागी उभा राहून ॲंटेना वळवला, आणि नळीच्या टोकावर काही नव्हतं. चंद्र बराच उजवीकडे, उगवतीच्या बाजूला, सुभेदारांच्या पाण्याच्या टाकीवर होता. मला वाटलं, ॲंटेना हलला. मग वाटलं, टाकी हलली. चंद्र हलला असेल ही शक्यता माझ्या डोक्यात तिसरी आली. वय सेहेचाळीस, बी. ए., अर्थशास्त्र, द्वितीय श्रेणी. चंद्र उगवतो, मावळतो, लहानमोठा होतो एवढं मला ठाऊक होतं. पण काल ज्या वेळी जिथं होता तिथं आज त्या वेळी तो नसतो, हे सेहेचाळीस वर्षांत मला कुणी कळवलं नव्हतं. पायाखालची फरशी थोडी सैल झाल्यासारखं वाटलं. एवढी मोठी वस्तू रोज जागा सोडते आणि कुणी कुठं नोंद करत नाही.

खाली येऊन मी म्हटलं, "शरयू, चंद्र काल होता तिथं नाही."

"नसणारच."

"नसणारच म्हणजे?"

"म्हणजे रोज पाऊण तास उशिरा येतो तो. पौर्णिमेला दिवेलागणीला, संकष्टीला साडेआठ-नऊ-साडेनऊ. अठरा वर्षं मी महिन्याच्या महिन्याला तुमच्यासमोर उपाशी बसते. तुम्हाला काय वाटलं, पंचांगवाले मला मुद्दाम ताटकळत ठेवतात?"

बातम्या लागल्या होत्या. पडद्यावरची बाई काय सांगत होती ते मला ऐकू येत नव्हतं. रोज उशिरा येतो. आज जितक्या उशिरा, उद्या त्याहून उशिरा. छातीच्या डाव्या बाजूला, जिथं हृदय असतं असं म्हणतात तिथं, एक जुना कागद उलगडल्यासारखा आवाज झाला. त्या कागदावर तीनच शब्द होते, टाइप केलेले, 'भान'मधला न अर्धवट उठलेला: वेळेचे भान नाही.

हे तीन शब्द आप्पासोंचे. आप्पासो माझ्या सांगलीच्या कचेरीतले अधीक्षक. खात्याचं नाव सांगत नाही, माझं पेन्शन अजून व्हायचं आहे. शहाऐंशीच्या श्रावणात माझी आई मिरजेला दवाखान्यात होती. रात्रभर मी तिच्याजवळ बसायचो, सकाळी तासगावहून बहीण यायची, मग मी तसाच, अंघोळ न करता, सिटी बसनं सांगलीला कचेरीत. बहिणीची एस.टी. पहिल्या दिवशी वेळेवर आली. दुसऱ्या दिवशी मला दहा मिनिटं उशीर झाला, तिसऱ्या दिवशी वीस. पुढं पुढं आईच मनगट सोडेना. तिची बोटं माझ्या घड्याळाच्या पट्ट्यावर असायची आणि एकेक बोट सोडवताना मला कचेरीतलं हजेरीबुक दिसायचं. सतरा दिवस, आणि प्रत्येक दिवस आदल्यापेक्षा थोडा उशिरा. मी आप्पासोंना सांगितलं होतं. त्यांनी चष्म्यावरून आधी माझ्याकडं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि म्हणाले, "बरं." संध्याकाळी मी सगळ्यांच्या नंतर उठायचो, उरलेलं काम संपवून. अठराव्या दिवशी सकाळी दहाला दहा कमी असताना आई गेली. त्या दिवशी मी कचेरीत गेलोच नाही, त्यामुळं उशीर झाला नाही. पुढच्या जूनमध्ये पत्र आलं: आपल्या गोपनीय अहवालात पुढील प्रतिकूल शेरा नोंदविण्यात आला आहे. मी रागानं दोन महिने रजा टाकून घरी बसलो. मग बढतीची यादी लागली, तीत मी नव्हतो. मग साताऱ्याला बदली झाली. सातारा ही शिक्षा नव्हे असं सातारकर म्हणतात आणि त्यांचं खरंही असेल, पण मला ती शिक्षा म्हणूनच मिळाली होती आणि मी ती शिक्षा म्हणूनच आठ वर्षं भोगत होतो. आप्पासोंना मी मनातल्या मनात अनेक प्रकारे मारलं. स्कूटरखाली, कृष्णेच्या पुरात, एकदा तर हळदीच्या पोत्यांच्या थप्पीखाली, ते पिवळे होऊन बाहेर काढले गेले तेव्हा मला इतकं बरं वाटलं की शरयूनं विचारलं, "झोपेत हसता कशाला?" पण हे सगळे ढोबळ प्रकार होते. त्यांत कारागिरी नव्हती. मला असा सूड हवा होता की तो घेतल्यावर आप्पासो जिवंत राहतील आणि रोज राहतील.

त्या संध्याकाळी बातम्या संपेपर्यंत मला एवढंच कळलं होतं की चंद्र रोज उशिरा येतो आणि त्याच्या अहवालात कुणी काही लिहीत नाही. उलट लोक त्याच्यासाठी उपाशी बसतात.

मग मी रोज गच्चीवर जाऊ लागलो, वानरं येवोत न येवोत. सातला बरोबर त्याच फरशीवर उभा राहायचो. पौर्णिमेपर्यंत चंद्र दर संध्याकाळी एकेक टप्पा उगवतीकडं सरकत गेला. टाकी, मग शेजारच्यांचं नारळाचं झाड, मग टेलिफोनच्या तारा, मग थेट क्षितिज. पौर्णिमेनंतर सातला तो नव्हताच. मला उगीचच कुणी तरी गैरहजर असल्यासारखं वाटत राहिलं. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी कचेरीला निघालो तर समोर येवतेश्वराच्या डोंगरावर तो फिकट, साबणाच्या झिजलेल्या वडीसारखा. म्हणजे जो रात्री उशिरा आला होता तो सकाळी उशिरापर्यंत थांबला होता. मी रस्त्यात उभा राहिलो. रिक्षावाला म्हणाला, "बसताय का नुसतं बगताय?" मला त्या क्षणी चंद्राबद्दल जी आपुलकी वाटली ती कवींना वाटते त्या जातीची नव्हती. ती एका कारकुनाला दुसऱ्या कारकुनाबद्दल वाटते ती होती.

सुभेदार तानाजी मूळचे वडूजकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. फौजेत बावीस वर्षं काढून इथं घर बांधलेलं. एका संध्याकाळी ते वर आले. "काय हरिभाऊ, वानरांची ड्यूटी आता तुमी करताय व्हय?" मी त्यांना माझा शोध सांगितला. त्यांनी तो एखाद्या पोरानं आपल्याला नाक असल्याचं सांगावं तसा ऐकून घेतला.

"आवं, ह्यात काय हाय. समदं आभाळ मावळतीला चाललंय. चांदण्या चालल्यात, चांदबी चाललाय. पर त्यो रोज जरा मागं ऱ्हातो. कळपात एक लंगडी मेंढी असती बगा. निगती समद्यांच्या संगं, चालती समद्यांच्या संगं, पर मुक्कामाला पोचती तवा अंदार पडल्याला असतो. तसं."

"किती मागं राहतो?"

त्यांनी हात पुढं ताणून मूठ वळली, एक डोळा मिटला. "एक मूट आन् वर एक बोट. रोजचं. माझा बा घड्याळ कुटलं बगतोय. काल चांद त्या बाबळीवर आला तवा उटलो, आज त्याच बाबळीवर यायला पाऊण तास जास्त लागणार, म्हंजी आज बाबळीच्या अलीकडं असतानाच उटायचं. एवढं म्हाईत असलं की झालं."

"आणि त्या मेंढीला मारायचा का हो तुमचा बा? उशिरा येते म्हणून?"

"मारून पाय सरळ हुतोय व्हय?" सुभेदार म्हणाले आणि खाली गेले.

मी ते वहीत उतरवलं. प्रतिकूल शेऱ्यांवरचं इतकं नेमकं भाष्य मला सेवानियमांच्या पुस्तकातही सापडलं नव्हतं. मेंढी मला पटली आणि मेंढीमुळंच आप्पासो जास्त असह्य झाले. एका अडाणी धनगराला जे कळत होतं ते अधीक्षकाला कळू नये.

सूड सापडला तो चैत्रातल्या संकष्टीला. शरयू उपाशी, मी जेवलेला, दोघं गच्चीवर. कॅलेंडरात चंद्रोदयाची वेळ छापलेली होती. ती वेळ झाली आणि पूर्वेला काही नव्हतं. जरंडेश्वराचा डोंगर काळा आडवा पडला होता आणि त्याच्यामागं नुसती पांढरट वाफ. मी घड्याळ बघत राहिलो. अकरा मिनिटांनी डोंगराच्या कडेवर एक लाल कड उमटली, मग चावलेल्या भाकरीसारखा तो वर आला. शरयूनं हात जोडले. मी म्हटलं, "कॅलेंडर चुकलंय. अकरा मिनिटं." ती म्हणाली, "चुको. मला दिसल्याशिवाय मी सोडत नाही." आणि ती खाली निघाली, पण माझे पाय हलेनात. कारण मला आप्पासो दिसले होते. आप्पासोंची संकष्टी अख्ख्या कचेरीला पाठ होती. थोरला मुलगा झाला तेव्हापासून, म्हणजे एकोणसत्तरपासून, त्यांनी एकही चुकवली नव्हती. त्या दिवशी ते सकाळी आल्या आल्या खुर्चीमागच्या कॅलेंडरासमोर उभे राहत. हळदीच्या एका अडत्यानं फुकट वाटलेलं कॅलेंडर असे ते. बोट ठेवून जाहीर करत, "आज नऊ सतरा." मग रेडिओवरच्या ठोक्याशी मनगटावरचं घड्याळ मिळवत. आम्हाला सांगत, "नऊ सतरा म्हंजी नऊ सतरा. सोळाला न्हाई, अठराला न्हाई. माणसाला वेळंचं भान पायजे." हे शेवटचं वाक्य. माझ्या अहवालात उतरलं ते हेच. आणि त्या कॅलेंडराच्या कोपऱ्यात, मला आता गच्चीवर उभ्या उभ्या लख्ख आठवलं, बारीक अक्षरात कंसात 'मुंबई' असं छापलेलं असे.

दुसऱ्या दिवशी मी नगर वाचनालयात जाऊन ॲटलास काढला. एका रेखांशाला चार मिनिटं, हे शाळेत घोकलेलं वर आलं. मुंबई बहात्तर अंश आणि वर पन्नास कला. सांगली चौऱ्याहत्तर आणि वर पस्तीस. फरक पावणेदोन अंशांचा, म्हणजे सात मिनिटं. आता ही सात मिनिटं मिळवायची की वजा करायची? इथं मला क्षणभरही शंका आली नाही. जन्मापासून पाहत आलो होतो की कोणतीही गोष्ट आधी मुंबईला येते आणि उरली तर आपल्याकडं. नवे सिनेमे, पँटचा घेर, रंगीत टीव्ही, महागाई, डोळे येण्याची साथ. चंद्र तेवढा आधी सांगलीला कशाला जाईल? मी मिळवली. शिवाय साताऱ्यातली माझ्या डोळ्यांनी पाहिलेली अकरा मिनिटं पाठीशी होतीच. पुढं हे सांगितल्यावर सुभेदार म्हणाले, "आसामात पोस्टिंगला हुतो तवा चारला उजाडायचं बगा." मी म्हटलं, फौजेत सगळीकडंच चारला उजाडतं.

म्हणजे आप्पासो नऊ सतराला पहिला घास घेत तेव्हा सांगलीच्या आकाशात चंद्र नसे. नसेच. तो मुंबईत चौपाटीवरच्या लोकांना दिसत असे. आप्पासो सव्वीस वर्षं चंद्रोदयाच्या सात मिनिटं आधी उपास मोडत होते. वर्षाच्या बारा, अधिक महिन्याची एखादी धरून, तीनशे बावीस संकष्ट्या. त्यांतली एकही सुटली नव्हती, सगळ्या मोडल्या होत्या. वेळेचे भान नाही. कुणाला? मी वाचनालयातल्या लाकडी बाकावर बसून हसलो तसा ग्रंथपाल माझ्याकडं पाहू लागला. मला आप्पासोंचा तो घास दिसत होता. साबुदाण्याचा नव्हे, संकष्टीला ते वरणभातावर सोडत. वरणाचा ओघळ मनगटापर्यंत आलेला, तूप, मोदकाची फुटलेली कड, मिटलेले डोळे, आणि गणपतीनं दुसरीकडं फिरवलेलं तोंड. तो घास मी महिनोन्‌महिने पाहिला. त्याला मागं घेतला, पुन्हा तोंडात घातला. कचेरीत टिप्पणी लिहिता लिहिता मी एखाद्या ओळीवर थांबायचो आणि तो घास त्यांच्या घशात अडकवून ठेवायचो. हा खरा सूड होता. कुणी मेलं नव्हतं, कुणाच्या अंगाला ओरखडा नव्हता. फक्त एका माणसाच्या हाती त्याची सव्वीस वर्षं परत द्यायची होती, शेऱ्यासह.

घाई मला नव्हती. दर संकष्टीला मी वेळ घेत गेलो. उगवायची जागाही एक नव्हती. वैशाखात तो पार उजवीकडं, आग्नेयेच्या उतरणीवरून आला. पावसाळाभर दिसलाच नाही, चार महिने माझा साक्षीदार ढगांत फरार होता. भाद्रपदाअखेर पुन्हा हजर झाला तेव्हा डावीकडं सरकलेला, आणि आश्विनात पुन्हा जरंडेश्वराच्या पाठीशी. सुभेदारांचा फौजी होकायंत्राचा डबा मी मागून घेतला होता. जागा बदले, वेळ बदले, पण उशीर मात्र कायम: नऊ मिनिटं, तेरा मिनिटं, दहा मिनिटं. कधी कधी वहीवर वाकलेलं असताना आईची बोटं मनगटावर असल्यासारखं वाटायचं. मी घड्याळ काढून खिशात ठेवायचो. शरयूनं एकदाच विचारलं, "त्यांना सांगून तुम्हाला काय मिळणार आहे?" मी म्हटलं, "त्यांना कळेल." "काय कळेल?" "उशीर म्हणजे काय असतो ते." तिनं हातातली वात वळून ठेवली. मग म्हणाली, "मोदक घेऊन जा मग. रिकाम्या हातानं कसं जायचं कुणाचा उपास मोडायला."

दिवाळीनंतरची संकष्टी मी निवडली. कार्ड टाकलं: कामानिमित्त सांगलीस येत आहे, दर्शनास येईन. चार दिवसांत आप्पासोंचं उत्तर आलं, निवृत्त झाल्यावरही तेच खाली ओढलेलं अक्षर: अवश्य यावे. संकष्टी आहे, जेवायलाच यावे. हे कार्ड मी कितीदा वाचलं ते सांगत नाही. बकरा स्वतः सुरी पाठवतो असं क्वचितच घडतं.

अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सकाळी साडेसातला येवतेश्वरावर आदल्या रात्रीचा चंद्र अजून रेंगाळत होता. मी त्याला मनात म्हटलं, आज जरा जपून, वेळेवर उशिरा ये. दुपारची एस.टी. कराड-इस्लामपूरमार्गे निघाली. उसाच्या गाड्यांमागं थांबत थांबत चालली. प्रत्येक थांब्यावर मी वाक्य घोटत होतो. 'आप्पासो, आपण वेळेचे भान या विषयावर थोडं बोलू.' नको, फार सभ्य. 'आप्पासो, तुमच्या तीनशे बावीस संकष्ट्या रद्द झाल्या आहेत.' हे बरं, सरकारी. इस्लामपूरच्या स्टँडवर मी दोन प्लेट भजी खाल्ली. सांगली जवळ आली तशी हवेत हळद लागू लागली, नाकापेक्षा जिभेला. आठ वर्षांत मी या गावात पाय ठेवला नव्हता. मिरजेची पाटी दिसली तेव्हा मी दुसऱ्या खिडकीकडं तोंड केलं.

आप्पासोंचं घर विश्रामबागेच्या पलीकडं, नव्या वस्तीत. दार रंगुबाईंनी, त्यांच्या पत्नीनं, उघडलं. "या की. किती वरसांनी. आवं, हरिभाऊ आलं." आप्पासो आतून आले ते धोतर सावरत, मी समजत होतो त्यापेक्षा बुटके. आठ वर्षं मनात ज्यांना मारत होतो ते आप्पासो चांगले ऐसपैस होते. हा माणूस त्यांच्या निम्म्यानं असेल. दात काढलेले. पण मनगटावर तेच घड्याळ. भिंतीवर कॅलेंडर, हळदीचाच कुणी अडत्या. "आज आठ चौतीस," ते म्हणाले. "बसा. पाणी घ्या. तुमचा उपास न्हाई न्हवं?" मी नाही म्हटलं. सव्वाआठला मी म्हटलं, "गच्चीवर जाऊ या का? चंद्र बघू." ते म्हणाले, "बगायचा कशाला, वेळ छापल्याली हाय." पण पाहुण्याचं मन म्हणून आले. रंगुबाई तांब्या, दूर्वा, फुलं घेऊन मागून आल्या.

गच्चीवरून सगळीकडं सपाट. इतकं सपाट मला आठवत नव्हतं. कुठं डोंगर नाही, टेकाड नाही, आकाश थेट जमिनीला टेकलेलं. मी वही काढली. माझा आवाज मलाच परका, एखाद्या चौकशी अधिकाऱ्यासारखा वाटला. "आप्पासो, तुमच्या कॅलेंडरातली वेळ मुंबईची असते."

"व्हय?"

"कोपऱ्यात छापलेलं असतं. सांगली आणि मुंबई यांत पावणेदोन अंशांचा फरक आहे. सात मिनिटांचा. म्हणजे तुम्ही आठ चौतीसला उपास सोडता तेव्हा—"

"त्यो बगा आला," रंगुबाई म्हणाल्या.

कुपवाडच्या अंगानं, कारखान्यांच्या पत्र्यांमागून, तांबूस, एका बाजूनं खाल्लेला चंद्र वर येत होता. मी घड्याळ पाहिलं. आठ सत्तावीस. मी घड्याळ कानाशी धरलं. चालत होतं. चंद्र बोटभर वर आला, मग पत्र्यांपासून सुटा झाला. उगवतीकडं. सांगली मुंबईच्या उगवतीकडं आहे. चौऱ्याहत्तर बहात्तरापेक्षा उगवतीला जवळ असतात. हे माझ्या डोक्यात इतक्या सावकाश आणि इतक्या स्पष्टपणे शिरलं की प्रत्येक शब्द वेगळा लागला. जरंडेश्वर. साताऱ्याला मध्ये जरंडेश्वर होता. सात महिने मी एका डोंगराच्या उंचीची नोंद ठेवत होतो.

रंगुबाईंनी अर्घ्य देऊन घेतलं. "चला, पानं घेते."

"आठ चौतीस व्हऊं दे," आप्पासो म्हणाले.

"आवं, समोर आलाय की."

"येऊं दे. त्यो लवकर आला म्हणून आपुन का नेम मोडायचा?" आणि ते चंद्राकडं पाठ करून, मनगट डोळ्यांजवळ धरून, कठड्याला टेकून उभे राहिले. सात मिनिटं. खाली कुणी तरी स्कूटरला किका मारत होतं. हा माणूस सव्वीस वर्षं दर महिन्याला सात मिनिटं जास्त उपाशी राहिला होता. तीनशे बावीस वेळा सात म्हणजे साडेसदतीस तास. त्याच्या पदरी मी साडेसदतीस तासांचं जादा पुण्य शोधून काढलं होतं, पुराव्यासह, तेही रजा टाकून. त्या सात मिनिटांत मी त्यांचा जितका द्वेष केला तितका आठ वर्षांतही केला नव्हता. त्यांनी चूक केली होती आणि तिचाही त्यांना फायदाच झाला होता.

"काय सांगत हुता तुमी? मुंबईचं?" आप्पासोंनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "तुम्ही अगदी वेळेवर आहात."

"माणसाला भान पायजे," ते म्हणाले, आणि खाली निघाले.

वरणभात, मेथी, शरयूचे मोदक. पहिला घास त्यांनी घेतला तेव्हा मी मान खाली घातली. तो मी पुष्कळदा पाहिलेला होता. भात कालवता कालवता माझ्या तोंडून ते निघून गेलं, घोटलेल्यांपैकी एकही वाक्य नव्हतं ते. "आप्पासो, तुम्ही माझ्या अहवालात लिहिलं होतं. वेळेचे भान नाही."

"लिवलं आसंल. शहाऐंशीचं न्हवं?" त्यांनी मोदकावर तूप घेतलं. "त्या श्रावणात मोटं सायब एक दिवस सांगावा न देता आलं. सव्वादाला. कचेरीत मी आन् गुंडा शिपाई. बाकी अकराच्या अकरा टेबलं मोकळी. मग मार्चात अहवाल लिवताना मला समोर बसवलं आन् म्हणालं, समद्यांना लिवा. अकरा जणांस्नी लिवलं. एकच वाक्य. मला दुसरं सुचंना."

"माझी आई तेव्हा—"

"मिरजंला व्हती. तुमी सांगितल्यालं की." त्यांनी वरणाची वाटी माझ्याकडं सरकवली. "म्हणून तर पत्र निघाल्यावर, तुमी रजेवर व्हता तवा, गुंडाला दोनदा तुमच्या घरी धाडला. तुमी भेटलाच न्हाईसा."

गुंडा आला होता. दोन्ही वेळा मी त्याला खिडकीतून पाहिलं होतं आणि शरयूला म्हटलं होतं, सांग, घरी नाहीत.

"कशाला पाठवला होता?" मी विचारलं.

"अर्जावर सही घ्याला," आप्पासो म्हणाले. "अर्ज मीच लिवून ठिवल्याला. शेरा काडून टाकावा म्हणून अर्ज द्यायचा आसतो. सा आठवड्यांत."

रंगुबाईंनी मला आणखी भात वाढला.

बाकीच्या दहा जणांनी सह्या केल्या होत्या. अर्ज अर्ध्या पानाचा असतो. दहाही जणांचे शेरे त्याच वर्षी काढून टाकण्यात आले.